दवाखान्याच्या आखणीत घरच्यांचा शब्द

गोव्याच्या डिचोली तालुक्यातल्या मुळगावात एखाद्या घरात सत्तरीचे मधुमेही गृहस्थ आहेत, असं धरून चालू. त्यांच्या आजाराची नोंद दोन ठिकाणी असते. एक इस्पितळातल्या केसपेपरवर: वय, वजन, रक्तातली साखर, गोळ्यांची नावं. दुसरी त्यांच्या सुनेच्या डोक्यात: उपाशीपोटी बसमध्ये बसलं की सासऱ्यांना घाम सुटतो, म्हापशाला बस बदलताना पाय लटपटतात, गोळ्या संपत आल्या की ते कुणाला न सांगता अर्धी गोळी घेतात आणि पायाची जखम आठ-आठ दिवस लपवून ठेवतात. पहिली नोंद पणजीपर्यंत जाते. तिच्यावरून औषधांची मागणी, डॉक्टरांच्या जागा आणि ओपीडीच्या वेळा ठरतात. दुसरी उंबरठ्याबाहेर पडत नाही.

रुग्ण आणि त्यांना सांभाळणारी माणसं यांना आरोग्यसेवेच्या आखणीत सामील करून घेणं म्हणजे ही दुसरी नोंद निर्णयाच्या कागदापर्यंत पोचवणं. त्यासाठी नुसती सदिच्छा पुरत नाही. कुणाला विचारायचं, काय विचारायचं, उत्तर कोण देणार आणि कधी, हे ठरलेलं असावं लागतं. गोवा आणि महाराष्ट्रात ही कामं झालेली आहेत. ती कशी झाली आणि मुळगावसारख्या गावात कशी करता येतील, ते क्रमाने पाहू.

तीन पायऱ्या

इस्पितळाच्या दारात टांगलेली तक्रारपेटी ही पहिली पायरी. काहीतरी बिघडल्यावर माणूस तिथे जातो, आणि तोही चिडलेला असेल तर. दुसरी पायरी मत विचारण्याची: छापील फॉर्म, ‘सेवा कशी वाटली?’ आणि पाच खुणांपैकी एक. यातून समाधानाची टक्केवारी मिळते, पण काय बदलायचं ते कळत नाही. तिसरी पायरी आखणीची. तिथे रुग्ण आणि घरचे लोक डॉक्टर, परिचारिका, पंच यांच्यासोबत बसतात, सेवेचा मार्ग सुरुवातीपासून शेवटपर्यंत तपासतात आणि दुरुस्ती ठरवतात.

इंग्लंडमध्ये या तिसऱ्या पायरीची रीतसर पद्धत तयार झाली. 2005-06 च्या सुमारास ल्यूटन अँड डन्स्टेबल इस्पितळात डोके व मानेच्या कर्करोगाच्या रुग्णांबरोबर ती प्रथम वापरली गेली. आधी रुग्णांच्या चित्रित मुलाखती घ्यायच्या, त्यांतले मनाला लागलेले क्षण वेचायचे, ते कर्मचाऱ्यांना दाखवायचे, कर्मचाऱ्यांच्या अडचणीही ऐकायच्या आणि मग दोघांच्या मिश्र गटांनी मोजकी कामं हाती घ्यायची, असा तिचा क्रम आहे. यातली कळीची गोष्ट कॅमेरा नव्हे. रुग्णाला ‘सेवा कशी वाटली?’ असं न विचारता ‘काय काय घडलं?’ असं विचारलं जातं, ही आहे.

गोव्यातला धडा: सांभाळणाऱ्यांना विचारलं तेव्हा

गोव्यात याचं बोलकं उदाहरण स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांचं आहे. 2001 साली विक्रम पटेल आणि मार्टिन प्रिन्स यांचा गोव्यातील ज्येष्ठ नागरिकांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात लोकांशी गटचर्चा होत्या. स्मृतिभ्रंशाची लक्षणं लोकांना ओळखता येत होती. आजी घर विसरते, जेवून पुन्हा जेवायला मागते, रात्रीची उठून फिरते, हे सगळ्यांना ठाऊक होतं. पण हा आजार आहे असं कुणी मानत नव्हतं. काहींच्या मते हे म्हातारपणच, तर काहींच्या मते मुलांनी माया केली नाही, हेळसांड केली, त्याचा हा परिणाम. साहजिकच अशा वृद्धांना डॉक्टरकडे कुणी नेत नव्हतं आणि प्राथमिक केंद्रातल्या डॉक्टरांना असे रुग्ण क्वचितच दिसत. गावात फिरणाऱ्या आरोग्य कर्मचाऱ्यांना मात्र ते पुष्कळ माहीत होते.

आता यावरून सेवा आखायची झाली तर? इस्पितळात स्मृतिभ्रंशाचा विभाग उघडून भागलं नसतं. तिथे कुणी आलंच नसतं. ज्या सुनेवर आधीच हेळसांडीचा ठपका आहे, ती तो ठपका घेऊन ओपीडीच्या रांगेत उभी राहणार नव्हती. म्हणून पुढची सेवा घराकडे वळवलेली होती. अमित डायस आणि सहकाऱ्यांनी गोव्यातल्या दोन तालुक्यांत 81 कुटुंबांसह ती तपासली आणि 2008 साली निष्कर्ष मांडले. स्थानिक, प्रशिक्षण दिलेले गृहसेवा सल्लागार सहा महिने नियमित घरी जात. हा आजार आहे आणि तो तुमच्या वागण्यामुळे झालेला नाही, हे ते घरच्यांना समजावत. रात्री ओरडणाऱ्या माणसाशी कसं वागायचं, अंघोळ-जेवणाची घडी कशी बसवायची, सरकारी योजनांचा अर्ज कुठे करायचा, हे सांगत. गरज पडली तर मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवत. अशा कुटुंबांची एकमेकांशी गाठही घालून देत.

सहा महिन्यांनी काय दिसलं? सांभाळणाऱ्यांचं मानसिक स्वास्थ्य सुधारलं, रुग्णाच्या वागण्याचा त्यांना होणारा त्रास कमी झाला. रुग्णाच्या लक्षणांत मात्र ठामपणे सांगता येईल असा फरक पडला नाही. मोजमाप फक्त रुग्णाचं केलं असतं, तर ही सेवा निरुपयोगी ठरून बंद पडली असती. सांभाळणारीचा त्रासही मोजायचा असं आधीच ठरलं होतं, म्हणून सेवेचा उपयोग दिसला. सेवा कुणासाठी हे ज्याने ठरवलं, त्यानेच तिचं यशापयशही ठरवलं.

‘संगत’ ही गोव्यातली संस्था 1996 पासून मानसिक आरोग्यात काम करते. तिच्या ‘मानस’ प्रकल्पातही हेच सूत्र वेगळ्या रीतीने दिसतं. नैराश्य आणि चिंतेचे रुग्ण प्राथमिक केंद्रात येतात ते अंगदुखी, झोप न लागणं, थकवा अशा तक्रारी घेऊन. म्हणून वेगळा मनोविकार विभाग न काढता त्याच केंद्रात, डॉक्टर नसलेल्या पण प्रशिक्षित स्थानिक समुपदेशक ठेवल्या. आराखडा आधी छोट्या प्रमाणावर चालवून पाहिला, रुग्ण आणि डॉक्टरांना तो झेपतो का हे तपासलं, मगच चाचणी घेतली. 2010 साली आलेल्या निष्कर्षांत सरकारी केंद्रांमधले, निदान निश्चित झालेले सुमारे 66 टक्के रुग्ण सहा महिन्यांत बरे झाले होते. समुपदेशक नसलेल्या केंद्रांत हे प्रमाण 42.5 टक्के होतं.

महाराष्ट्रातला धडा: उत्तर द्यायला भाग पाडलं तेव्हा

ही दोन्ही कामं संशोधकांनी केलेली. गावाने स्वतः हे काम करण्याचा मोठा प्रयोग शेजारच्या महाराष्ट्रात झाला. राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान 2005 साली सुरू झालं. त्याच्या आराखड्यातच लोकांनी आरोग्यसेवेवर देखरेख करावी अशी तरतूद होती. 2007 पासून नऊ राज्यांत ती प्रत्यक्षात आली. महाराष्ट्रात पुणे, ठाणे, नंदुरबार, अमरावती आणि उस्मानाबाद (आताचं धाराशिव) या पाच जिल्ह्यांपासून सुरुवात झाली, आणि पुण्याच्या ‘साथी’ संस्थेने राज्यपातळीवर समन्वय केला.

पद्धत साधी होती. गावात बैठक घ्यायची आणि ठरलेले प्रश्न विचारायचे. परिचारिका येते का? लसीकरण ठरल्या दिवशी होतं का? केंद्रात औषध मिळतं की बाहेरून आणायला सांगतात? बाळंतपणाला पैसे मागितले का? प्रत्येक सेवेला गावाने रंग द्यायचा: चांगली असेल तर हिरवा, बरी असेल तर पिवळा, वाईट असेल तर लाल. अक्षर न येणाऱ्या बाईलाही तक्त्यावरचा लाल ठिपका वाचता येतो. तो तिनेच लावलेला असतो, त्यामुळे त्याबद्दल बोलायलाही ती तयार होते.

हे तक्ते मग जनसुनावणीत मांडले जात. समोर गावकरी, मंचावर वैद्यकीय अधिकारी, तालुका व जिल्हा आरोग्य अधिकारी, लोकप्रतिनिधी. ज्याच्या बाबतीत घडलं तो स्वतः सांगणार आणि अधिकारी तिथल्या तिथे उत्तर देणार. बाळंतपणाला घेतलेले पैसे परत करावे लागल्याची, केंद्राच्या भिंतीवर औषधसाठ्याचा फलक लागल्याची, बाहेरची चिठ्ठी लिहून देणं थांबल्याची उदाहरणं यातूनच निघाली. पुढच्या फेऱ्यांत तेच प्रश्न पुन्हा विचारले जात. त्यामुळे आश्वासन पाळलं की नाही, हे गावाला रंगावरूनच कळे.

समितीत कोण असावं, याचं प्रमाणही अभियानाच्या आराखड्यात ठरलेलं होतं. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या समितीत 30 टक्के पंचायतींचे प्रतिनिधी, 20 टक्के गावसमित्यांचे बिगरसरकारी सदस्य, 20 टक्के संस्था-संघटनांचे लोक आणि 30 टक्के सेवा देणारे. म्हणजे डॉक्टर आणि कर्मचारी अल्पमतात, पण बाहेर नाहीत. ही तोल राखण्याची रीत महत्त्वाची. कर्मचाऱ्यांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करून कुठलीच सेवा सुधारत नाही. औषधं नसण्याचं कारण अनेकदा वरच्या पातळीवरच्या खरेदीत असतं आणि ते केंद्रातल्या डॉक्टरलाच नेमकं ठाऊक असतं.

मुळगावला जनसुनावणी हा प्रकार नवा नाही. 2023 साली डिचोलीच्या खाणपट्ट्याच्या पर्यावरणीय जनसुनावणीत आणि त्यानंतरच्या ग्रामसभांत घरं, देवळं, तळी, शेती खाणपट्ट्यातून वगळा, अशी मागणी मुळगावच्या लोकांनी लावून धरली. म्हणजे कागद मागणं, नकाशा वाचणं, माइकवर उभं राहून प्रश्न विचारणं आणि तो इतिवृत्तात नोंदवून घेणं ही विद्या गावात आहे. ती आरोग्याकडे वळवायची एवढंच.

कायद्यात आणि योजनेत जागा कुठे आहे

मानसिक आरोग्यसेवा कायदा, 2017 या बाबतीत सर्वात स्पष्ट बोलतो. राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणावर मानसिक आजार असलेल्या किंवा होऊन गेलेल्या व्यक्तींच्या दोन प्रतिनिधींना आणि सांभाळणाऱ्यांच्या दोन प्रतिनिधींना कायद्यानेच जागा दिली आहे. शुश्रूषा करणाऱ्या घरच्या माणसाला शासकीय मंडळावर सदस्य म्हणून बसवणारे कायदे आपल्याकडे फार नाहीत.

गावपातळीवर ‘जन आरोग्य समिती’ ही तरतूद आहे. 2018 साली आयुष्मान भारत योजनेत उपकेंद्रं आणि प्राथमिक केंद्रं आरोग्य व निरामय केंद्रं झाली. आता त्यांना आयुष्मान आरोग्य मंदिर म्हणतात. केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचनांनुसार उपकेंद्राच्या समितीचे अध्यक्ष सरपंच, सहअध्यक्ष प्राथमिक केंद्राचे वैद्यकीय अधिकारी आणि सदस्य-सचिव समुदाय आरोग्य अधिकारी. उपकेंद्राचा अबंधित निधी कशावर खर्च करायचा, तक्रारींचं काय करायचं, हे या समितीच्या कामात येतं. पिण्याच्या पाण्याची सोय, बसायला बाक, चाकाच्या खुर्चीसाठी उतरण अशी कामं त्यातून होऊ शकतात. पण रुग्णांच्या घरच्यांनी सांगितल्याशिवाय ती यादीत येत नाहीत. यादी भिंतीच्या रंगकामापासून सुरू होते आणि तिथेच संपते.

मुळगावात करायचं झालं तर

*एकच सेवा निवडा.* ‘आरोग्य’ या विषयावर सभा घेतली तर तीन तास भाषणं होतात. मधुमेहाची तपासणी, डायलिसिसला जाणं, अंथरुणाला खिळलेल्यांची घरी शुश्रूषा, यांतला एकच विषय घ्या.

*रुग्णांना शोधत घरी जा.* सभेला येऊ शकतो तो बहुधा बरा असतो. ज्याला सेवा सर्वात जास्त लागते तो घरात आहे, आणि त्याला सांभाळणारीही त्याला सोडून येऊ शकत नाही. परिचारिका आणि अंगणवाडीच्या बाई यांना प्रत्येक वाड्यावरची अशी घरं माहीत असतात. खाणीवर किंवा बांधकामावर बाहेरून आलेल्या मजुरांच्या खोल्याही विसरू नका.

*मार्ग कागदावर काढा.* घरच्यांना शेवटची फेरी सांगायला लावा आणि ती एका मोठ्या कागदावर घड्याळाच्या वेळेसह मांडा. मधुमेहाचंच घ्या. उपाशीपोटी साखर तपासायची तर आठेक तास खाणं बंद. त्यानंतर जेवून दोन तासांनी दुसरं रक्त. म्हणजे माणूस सकाळी उपाशी निघतो, बस बदलतो, केसपेपरच्या रांगेत उभा राहतो, रक्त देतो, काहीतरी खातो, दोन तास बाकावर थांबतो, पुन्हा रक्त देतो आणि रिपोर्टसाठी दुसऱ्या दिवशी तीच फेरी करतो. इन्सुलिन घेणारा माणूस या उपासात घेरी येऊन पडू शकतो. हे कागदावर उतरलं की दुरुस्ती आपोआप सुचते. रक्त जवळच्या केंद्रात सकाळी लवकर घेता येईल का? तीन महिन्यांची सरासरी दाखवणाऱ्या एचबीए1सी तपासणीला उपाशी राहावं लागत नाही. डॉक्टरांच्या मते ती पुरेल का? रिपोर्ट फोनवर मिळेल का? गोळ्या एका महिन्याच्या देता येतील का?

डायलिसिसच्या मार्गावर वेगळी गोष्ट दिसते. आठवड्यातून दोन-तीन वेळा, दर वेळी सुमारे चार तास. त्यात रुग्णाचं रक्त शुद्ध होतं, पण सोबत जाणाऱ्याचा कामाचा दिवस बुडतो. कुठल्या पाळीची वेळ मिळाली तर तो अर्धा दिवस कामावर जाऊ शकेल, हा प्रश्न वैद्यकीय नाही, म्हणून डॉक्टर विचारत नाही. त्या घरासाठी मात्र तोच सर्वात मोठा असतो.

*सेवा देणाऱ्यांचा मार्गही काढा.* परिचारिकेला एका दिवसात किती घरं, किती रजिस्टरं, लसीकरणाचा दिवस कुठला, हे त्याच भिंतीवर लावा. रुग्णाची मागणी आणि तिचा दिवस शेजारी लागले की भांडण कमी होतं आणि हिशेब सुरू होतो.

*तीनच मागण्या, तीन रकान्यांत.* गावात होऊ शकेल ते, केंद्रात होऊ शकेल ते आणि वरून मंजुरी लागेल ते. पहिल्यासाठी पंचायत, दुसऱ्यासाठी वैद्यकीय अधिकारी, तिसऱ्यासाठी आरोग्य संचालनालय. प्रत्येकापुढे नाव आणि तारीख. तारीख नसलेली मागणी म्हणजे नुसती इच्छा.

*ठरावात घ्या.* गोवा पंचायतराज कायद्यानुसार जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबरमध्ये ग्रामसभेच्या नियमित बैठका होतात. विषयपत्रिकेत आरोग्याचा विषय आधीच द्या, ठराव इतिवृत्तात घ्या आणि प्रत जन आरोग्य समितीला पाठवा.

*काय झालं ते परत सांगा.* ज्या घरातून माहिती आली, त्या घरी जाऊन सांगा की हे झालं, हे झालं नाही, आणि का झालं नाही. हा टप्पा बहुतेक ठिकाणी गळतो, आणि पुढच्या वेळी त्या घराचं दार उघडत नाही.

जिथे गाडी अडते

पहिली अडचण नावापुरत्या सदस्याची. समितीत एक रुग्ण बसवला, त्याची सही घेतली, झालं. एकट्या माणसाला पाच अधिकाऱ्यांसमोर बोलवत नाही. म्हणून निदान दोघं असावेत, त्यांतला एक सांभाळणारा, आणि बैठकीआधी त्यांना विषय समजावून सांगितलेला असावा. दुसरी अडचण रोजंदारीची. डॉक्टर पगारी वेळेत बैठकीला येतो, मजूर दिवस बुडवून येतो. निदान प्रवासखर्च द्यावा आणि वेळ संध्याकाळची ठेवावी. तिसरी बाईमाणसाची. सांभाळण्याचं काम बहुतेक घरांत बायका करतात, पण सभेत बोलतो तो पुरुष. त्यांची बैठक वेगळी घेतलेली बरी.

चौथी अडचण सर्वात नाजूक. क्षयरोग, एचआयव्ही, मानसिक आजार यांबद्दल ग्रामसभेत कुणालाही हात वर करायला सांगू नका. एचआयव्ही आणि मानसिक आजारांची गोपनीयता कायद्यानेही राखली आहे. अनुभव एकांतात ऐका, नाव गाळून मांडा. क्षयरोगातून बरे झालेले आणि स्वतःहून पुढे येणारे लोक असतात; त्यांना जरूर बोलवा.

आणि हे सगळं करून गावावर सरकारचं काम ढकललं जात नाही ना, यावर लक्ष हवं. केरळच्या मलप्पुरम जिल्ह्यात शेजारच्या स्वयंसेवकांनी अंथरुणाला खिळलेल्यांची घरी शुश्रूषा उभी केली, तिचं जगभर कौतुक झालं. पण 2008 साली तिथल्या सरकारने उपशामक सेवेचं धोरण आणलं आणि पंचायती व आरोग्य केंद्रांवर जबाबदारी टाकली, म्हणून ती पसरली. स्वयंसेवक शेजारी असू शकतो, वेदनाशामक औषध आणि परिचारिका मात्र सरकारनेच द्यायची.

मुळगावसारख्या गावांच्या पंचायतींना यासाठी नवा कायदा लागत नाही, मोठा निधीही लागत नाही. येत्या ग्रामसभेच्या आधी आपल्या वाड्यावरच्या एका रुग्णाच्या घरी जा, सांभाळणाऱ्या माणसाजवळ अर्धा तास बसा, शेवटच्या फेरीचा मार्ग लिहून घ्या आणि तो कागद सरपंचांच्या हाती द्या. पावती घ्यायला विसरू नका.